विठोबा थांबलाय, मग घाई कुणाला?

प्रिय सई,

तुझा मेसेज वाचला आणि आधी हसलो. तू लिहिलंस, "बाबा, आजी प्रत्येक फोनला विचारते, नाम घेतलंस का. मी म्हटलं घेईन नंतर, तर म्हणते, नंतर म्हणजे कधी? पण बाबा, आरतीत विठोबाबद्दल आपणच म्हणतो ना, युगे अठ्ठावीस विटेवरी उभा? मग एवढा थांबलाय तर माझी डिग्री होईपर्यंत, नोकरी लागेपर्यंत अजून थोडा थांबेल. आपल्या लोकांना देवाच्या बाबतीत एवढी घाई का? आणि देव आहे हेच मला अजून पटलं नसेल तर?" वर पुन्हा, दोन ओळींत सांग. दोन ओळींत भागलं असतं तर तुकोबांनी हजारो अभंग कशाला केले असते? हे लांबणार आहे. कॉलेजला जाताना बसमध्ये वाच.

तुझा मुद्दा बिनतोड आहे. मी तो तुझ्या बाजूने आणखी पक्का करून देतो. विठोबा उभा का आहे? पुंडलिकाने उभा केला म्हणून. हा आईवडिलांचे पाय चेपत बसलेला, देव दारात आला, तर उठून सामोरा जायचं सोडून याने वीट भिरकावली आणि सांगितलं, यावर उभा राहा, हातातलं होऊ दे. आणि अशा या भक्ताचा आपल्याकडे केवढा मान! पंढरपुरात रिवाज असा की आधी चंद्रभागेत स्नान, मग पुंडलिकाचं दर्शन आणि त्यानंतर विठोबा. जयघोषातसुद्धा 'पुंडलिक वरदे' आधी, 'हारि विठ्ठल' मागून. तेव्हा देवाला घाई नाही, हे मान्य. तो रागावत नाही, कंटाळत नाही, कुठे निघून जात नाही.

पण पुंडलिक त्या वेळी करत काय होता, ते बघ. कथेत असं आहे की तो आधी आईवडिलांना विचारतही नसे. मग काशीच्या वाटेवर एका ऋषीच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो तिथूनच मागे वळला. सेवेसाठी मुहूर्त शोधत बसला नाही. पुढे देव आला तेव्हा त्याने देवाला थांबवलं, ते हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही म्हणून. तू ज्यासाठी थांबवते आहेस ते काम अजून हातातच घेतलेलं नाही. पुंडलिकाचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा लागेल, एवढंच.

आता घाईकडे येतो. तुकोबांचा एक अभंग आजी म्हणते, तुझ्या कानावरून गेला असेल:

क्षणक्षणां हाचि करावा विचार । तरावया पार भवसिंधु ॥
नाशिवंत देह जाणार सकळ । आयुष्य खातो काळ सावधान ॥
संतसमागमीं धरूनि आवडी । करावी तांतडी परमार्थीं ॥

तांतडी करा, असं हा माणूस सरळ सांगतो. कुणी म्हणेल, देहूत निवांत टाळ कुटत बसलेल्या बुवांना सांगायला काय जातं! पण त्यांचं वय आणि काळ बघ. जन्म १६०८ चा मानतात. १६३० च्या सुमाराला महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा ते विशीच्या आगेमागे होते, म्हणजे तुझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठे. घरात वाण्याचा धंदा, सावकारी, जनावरं. दुष्काळात धंदा बुडाला, गुरं गेली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. आयुष्य कसं खाल्लं जातं, हे त्यांनी घरातल्या घरात पाहिलं होतं. त्यानंतर ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले. 'बरे झाले देवा निघाले दिवाळे' असं ते पुढे म्हणाले. मला ती ओळ अजूनही पचत नाही. बायकामुलांच्या मरणावर बरं झालं कसं म्हणवतं? पण पुस्तकातून शिकवलेला वैराग्याचा पाठ हा नव्हे, एवढं त्या ओळीवरून कळतं. तांतडी करा म्हणणाऱ्याला उद्याचा भरवसा किती धरायचा, ते अनुभवाने ठाऊक झालं होतं.

मृत्यूची भीती घालून देवाकडे वळवायचं, हे मला स्वतःला आवडत नाही. असली कीर्तनं मी लहानपणी खूप ऐकली. यमदूत, उकळत्या कढया, समोरच्या बायका पदराने डोळे पुसतायत. रात्री झोप उडायची आणि सकाळी सगळं विसरून आम्ही विटीदांडू खेळायचो. भीतीची घाई तेवढीच टिकते. समर्थांनी मनाच्या श्लोकांत हीच गोष्ट कढईबिढई न आणता सांगितली आहे: 'मरे एक त्याचा दुजा शोक वाहे । अकस्मात तोही पुढे जात आहे'. रडणारासुद्धा रांगेतच उभा आहे. मला हे जास्त खरं वाटतं, कारण यात कुणी धमकी देत नाही. जे आहे ते दाखवलंय.

तुला हिशेब आवडतो, म्हणून भागवतातला एक हिशेब देतो. प्रल्हादाचा. हिरण्यकशिपूने त्याला शंड आणि अमर्क या गुरूंकडे शिकायला ठेवलं होतं. गुरू घरच्या कामात गुंतले की पोरं खेळायला बोलवायची, आणि हा पाच-सात वर्षांचा मुलगा खेळायचं सोडून त्यांचीच शाळा घ्यायचा. तो म्हणतो, माणसाचं आयुष्य शंभर वर्षांचं धरा. निम्मं झोपेत गेलं, राहिली पन्नास. त्यातली वीस बाळपणात आणि खेळण्यात जातात, वीस म्हातारपणी शरीर साथ देत नाही म्हणून जातात. उरली दहा. आणि ती दहा संसाराच्या ओढीत अशी जातात की गेल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून शहाण्याने कुमारवयातच सुरुवात करावी. यातली शंभर वर्षंसुद्धा उदार मनाने धरलेली आहेत. आणि झोपेत निम्मं आयुष्य हा आकडा कुणाकुणाच्या रविवारांकडे बघून मला कमीच वाटतो. नाव घेत नाही.

तुझा बेत मात्र वेगळा आहे. आधी डिग्री, मग नोकरी, आणि असं पुढे ढकलत ढकलत म्हातारपणी निवांत वेळ असेल, तेव्हा करू. हा बेत आपल्याकडे अगदी जुना आहे. 'आत्ता कुठे गं, पोरांची लग्नं होऊ देत, मग हरी हरी करायचंच आहे' हे वाक्य तू इथल्या गणपतीतही ऐकलं असशील. यात एक गृहीत आहे की मन रिकामं ठेवता येतं आणि हवं तेव्हा देव त्यात आणून बसवता येतो. मन तसं रिकामं राहत नाही. चाळीस वर्षं ज्याची काळजी वाहिली त्याचीच काळजी ते पुढे वाहतं. रिटायर झालेली माणसं बघ ना. ऑफिस सुटलं, पण सकाळी सहाला उठून शेअरचे भाव, जमिनीचा वाद, कोण मला काय बोललं होतं. हातात जपमाळ, आणि तोंडाने सुनेला, गॅस बंद केलास का? वेळ मिळाला, सवय कुठून आणणार? तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागेपर्यंत जीव राहायला हवा.

गीतेच्या आठव्या अध्यायात अर्जुनाला अंतकाळाबद्दल सांगतात की शेवटी जे स्मरेल तशी गती. तुझ्यासारख्या हुशार मुलीला वाटेल, मग शेवटच्या मिनिटाला आठवलं की झालं. पण भगवंत लगेच पुढे म्हणतात, 'तस्मात्सर्वेषु कालेषु मामनुस्मर युध्य च'. सगळ्या वेळी माझी आठवण ठेव आणि लढ. समोर सैन्य उभं असताना हे सांगितलंय. युद्ध संपल्यावर बघू, असं नाही, आणि युद्ध सोडून दे, असंही नाही.

तू अजामिळाचं नाव काढशील, म्हणून तेही उरकतो. जन्मभर वाट्टेल ते केलं, मरताना धाकट्या मुलाला 'नारायणा' म्हणून हाक मारली आणि विष्णूचे दूत हजर! वरवर बघता पळवाट छानच आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढचा भाग कुणी फारसं सांगत नाही. भागवतात अजामिळ त्या वेळी मरत नाही. यमदूत निघून जातात, तो वाचतो. आणि मिळालेल्या वेळात तो काय करतो? आणखी काही वर्षं मजा? सगळं सोडून गंगाद्वारी जाऊन बसतो आणि साधना करतो. शेवटच्या क्षणी सुटलेल्या माणसालाही दुसऱ्यांदा उशीर करायची हिंमत झाली नाही.

आता तुझ्या मनातली खरी धास्ती. घाई करायची म्हणजे सगळं सोडून निघायचं का? याला जबाबदार आहे ती रामदासांची गोष्ट, जी मी तुला लहानपणी सांगितली होती. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा, भटजी 'सावधान' म्हणाले आणि हा मांडवातून पळाला तो थेट नाशिकजवळ टाकळीला, बारा वर्षं तपाला. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस आणि विचारलं होतंस, त्या मुलीचं काय झालं? मला उत्तर आलं नाही. आजीलाही नाही. गोष्ट सांगणाऱ्या कुणालाच तो प्रश्न पडत नाही, आणि तो पडायला हवा होता. समर्थांची ती वाट होती, ती त्यांच्याएवढ्या ताकदीच्या माणसाची. पण तीच एक वाट आहे असं मराठी संत म्हणत नाहीत. उलट बहुतेक सगळे घरातलेच. एकनाथ लहान वयात पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले हे खरं, पण परत आले आणि पैठणला संसार केला. सावता माळी अरणच्या मळ्यात. ते पंढरीलासुद्धा गेले नाहीत म्हणतात, 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी' म्हणत तिथेच राहिले. जनाबाई तर नामदेवांच्या घरची दासी. तिला वेळ कुणी दिला होता? ती 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' म्हणाली. जातं थांबल्यावर गाईन, असं म्हणाली असती तर जातं काही थांबलं नसतं.

हे मी आजीत बघितलंय. तिने सत्तरीत माळ घातलेली नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून हरिपाठ आहे. मी शाळेत असताना ती चुलीपुढे बसायची, परातीत भाकरी थापताना तोंडाने 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' चालू. भाकरी तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायची, मध्येच अंगणात कोंबडी धान्यात शिरली की 'हाऽऽड!' म्हणून ओरडायची आणि पुढची ओळ बरोबर जिथे सोडली तिथून उचलायची. तेव्हा आम्हाला ते गमतीचं वाटायचं. गेल्या वर्षी तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी होती, काही दिसत नव्हतं, आणि मी इथून घाबरून फोन केला तर ही पडल्या पडल्या हरिपाठ म्हणत होती. मला म्हणाली, अंधारात म्हणायला पाठ असलेलं बरं पडतं. ती तुला घाई करते, ती या अंधाराच्या हिशेबाने. तुझ्या मार्कांशी किंवा पुण्य कमावण्याशी त्या घाईचा काही संबंध नाही.

आणखी एका माणसाबद्दल लिहायचंच आहे. चोखोबा. मंगळवेढ्याचे, जातीने महार, म्हणून देवळाच्या आत पाऊल टाकायची बंदी. थांबायला कारण हवं असेल तर याच्याएवढं सबळ कारण कुणाकडे होतं? दार उघडलं की येईन, असं ते म्हणू शकले असते. आणि म्हटलं असतं तर किती थांबावं लागलं असतं माहीत आहे? चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून तिच्याखाली गेले. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले ते मे १९४७ मध्ये, आणि तेव्हा कुठे दार उघडलं. सहाशे वर्षांहून जास्त! दार बंद ठेवणाऱ्यांची लाज त्यांच्यापाशी. चोखोबांनी मात्र बाहेर उभं राहून 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' म्हटलं, भांडले, रडले, गायले. आज महाद्वारात, नामदेव पायरीसमोरच त्यांची समाधी आहे. आपल्यापुढे कुणी दार लावलेलं नाही, सई. आपल्याला फक्त अजून चपला घालायच्या आहेत.

घाई प्रत्यक्षात दिसते कशी, हे बघायचं असेल तर तुला एकदा वेळापूरला न्यायचं आहे. माउलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्याला रिंगण होतं आणि वेळापूरच्या आधी एक उंचवटा लागतो. सांगतात की तुकोबा वारीला जाताना तिथून त्यांना विठोबाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले. म्हणून आजही दिंड्या त्या उतारावरून धावतात. धावाच म्हणतात त्याला. माझं आजोळ जवळच, मामाबरोबर मी बघायला जायचो. कळस मला तरी कधी दिसला नाही. पंढरपूर तिथून अजून दोन-तीन मुक्काम लांब. पण 'तुका म्हणे धावा, आहे पंढरी विसावा' झालं की पताकावाले सुटायचे, मागून टाळकरी, मृदंग पोटाशी आवळून मृदंगी. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया एका हाताने ते धरून, दुसऱ्या हाताने नऊवारीचा ओचा सावरून पळायच्या. एकदा एक म्हातारी अर्ध्या उतारावर गुडघे धरून खाली बसली. मामाने पाणी दिलं आणि म्हणाला, मावशी, बसा निवांत, पालखी वेळापुरातच मुक्कामाला आहे, कुठे जात नाही. ती पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "ती नाय जात रं, माझंच पाय चाललेत." आणि उठून पुन्हा पळायला लागली, पळणं कसलं, भराभर चालणंच ते. तुझ्या अठ्ठावीस युगांना याच्याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, देव आहे हेच पटलं नसेल तर. तो तू संकोचून विचारलास असं वाटलं. संकोच नको. नसेल पटलं तर पटलं म्हणू नकोस. पण 'आहे की नाही ते सगळं आयुष्य मार्गी लागल्यावर बघू' हे म्हणणं मला संशयाचं वाटत नाही, आळसाचं वाटतं. खरा संशय माणसाला बसू देत नाही. एखाद्या माणसाबद्दल शंका आली तर तू रात्री बारालाही मेसेज करून छडा लावतेस. तसा लाव. प्रश्न विचार, वाच, भांड. आपल्या संतांना भांडायची बंदी नव्हती. तुकोबांनी देवाला कमी सुनावलेलं नाही, आणि जनाबाईंनी तर 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' असं सरळ शिव्यांनीच सुरू केलंय. जो नाहीच त्याला इतकं तावातावाने कोण बोलेल, हा माझा तर्क. तुला तो कच्चा वाटेल, वाटू दे.

करायचं काय? फार नाही. सकाळी फोन हातात घेण्याआधी पाच मिनिटं. हरिपाठाचा पहिला अभंग पाठ कर, किंवा मनाच्या श्लोकांतला एक. ते जमत नसेल तर नुसती शांत बस आणि तुझा प्रश्नच त्याला विचार, आहेस का म्हणून. परीक्षा संपल्यावर नको, सोमवारपासूनही नको. माझं पुस्तकांचं पार्सल पुढच्या आठवड्यात येईल, त्यात आजीची जुनी हरिपाठाची पोथी ठेवली आहे. तिची पानं सुटी झालीत, जपून उघड. आणि पार्सल यायची वाट बघू नकोस. पहिला अभंग खाली लिहून पाठवतोय, त्याच्या पहिल्या दोन ओळी तर तुला येतातच.

तुझा,
बाबा

देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या ॥
हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी ॥
असोनि संसारीं जिव्हे वेगु करी । वेदशास्त्र उभारी बाह्या सदा ॥
ज्ञानदेव म्हणे व्यासाचिया खुणा । द्वारकेचा राणा पांडवां घरीं ॥